अहवालातला पाचवा मुद्दा

६ मे, मंगळवार

ऑफिसातल्या सरांना काल संध्याकाळी पाठवलेला अहवाल. जसाच्या तसा उतरवते.

१. सोमवार, ५ मे. उन्हाळी शिबिराचा पाचवा दिवस. हजर मुलं अठरा.
२. मुलांनी बनवलेल्या सौर वाळवणी पेटीची चाचणी ठरलेली होती.
३. सकाळी साडेआठला मुलांनी शाळेमागच्या झाडाच्या कैऱ्या तोडल्या. वजन चार किलो दोनशे ग्रॅम.
४. कैऱ्या चिरून पेटीत पसरल्या. चिरताना मुलांनी काही फोडी खाल्ल्या.
५. गावात नव्या आंब्याचा पंडुम, म्हणजे सण, अजून व्हायचा आहे. तो होईपर्यंत इथले लोक आंबा तोडत नाहीत, तोंडाला लावत नाहीत. शिबिराच्या कार्यकर्त्यांना याची पूर्वकल्पना नव्हती.
६. अकरा वाजता गावचे गायता (गावाची पूजा हे करतात) शाळेत आले. त्यांनी विचारणा केली. चर्चा शांततेत झाली.
७. गाव सांगेपर्यंत शिबिर बंद.

वेळा बरोबर आहेत. वजन बरोबर आहे, काटा मी स्वतः शून्यावर आणला होता. 'कार्यकर्त्यांना' म्हणजे मला. इथं दुसरं कोणी नाही. वनिताबाई स्वयंपाकाला आहेत, त्यांना ऑफिस कार्यकर्त्या धरत नाही.

पाचवा मुद्दा खोटा आहे.

७ मे, बुधवार

शाळा रिकामी. गाव उजाडायच्या आधीच तेंदूपत्त्याला जातं, दहाच्या पुढं भारे घेऊन परततं. आज परतताना कोणी फाटकाशी थांबलं नाही. परवापर्यंत बायका थांबायच्या, पेटीच्या काचेत तोंड बघून हसायच्या.

पेटी अंगणातच आहे. आतलं तापमान दुपारी एकला ६१. फोडी आतच. काढायच्या की राहू द्यायच्या, कुणाला विचारायचं कळत नाही, म्हणून हात लावलेला नाही.

रविवारचं लिहून ठेवते. नंतर मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

सामानाची यादी करत होते. काच, काळा पत्रा, जाळी, कैऱ्या. चिन्नी बाजूला बसून जाळीला खिळे मारत होती. आठवी झाली तिची. अठरा जणांत हिचाच हात सरळ. मल्टिमीटर मी एकदा दाखवला, दुसऱ्या दिवशी तिनंच बाकीच्यांना शिकवला. यादी वाकून वाचली तिनं.

"ताई, कैऱ्या आता नाई तोडत."
"काऊन?" (मी मुद्दाम त्यांच्यासारखं विचारते. मुलांना हसू येतं.)
"पंडुम नाई झाला."
"कधी आहे?"
"गायता सांगन तवा."

शनिवारी चंद्रपूरहून पाहुणे येणार होते, पेटी बघायला. तारीख नसलेला सण माझ्या वेळापत्रकात कुठं बसवू, एवढंच डोक्यात आलं. मी म्हणाले, "अगं, खायचं नाही, फक्त वाळवायचंय." तिनं आणखी एक खिळा मारला. मग म्हणाली, "तोडाचंच नाई असते, ताई."

सोमवारी झाडाखाली पुन्हा तेच म्हणाली. हळू, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. मी तिच्या हातात अंकुडी, फळं ओढायची आकड्याची काठी, दिली. "तू गटप्रमुख ना? तूच सुरुवात कर, मग बाकीचे करतील."

तिनं केली.

म्हणजे दोनदा. पूर्वकल्पना दोनदा होती.

८ मे, गुरुवार

टाकीजवळच्या खडकावर नेटवर्क येतं. सरांचा फोन. अहवाल नेमका आहे म्हणाले. "तुम्ही नवीन आहात नाझिया, मुलांनीच सांगायला हवं होतं. त्यांचीच प्रथा आहे ना." मी "हो सर" म्हणाले. दोनदा "हो सर".

परत आले तर वनिताबाई भाताचा गंज घासत होत्या. त्या वडशाच्या. माहेर झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांचं, कुणाचाही आवाज काढतात. गंजाकडे बघून, थेट माझ्या सुरात: "अगं, खायचं नाही, फक्त वाळवायचंय."

'अगं' म्हणताना मी मान तिरकी करते, हे मला माहीत नव्हतं.

मग त्याच म्हणाल्या, "राग आला का म्याडम? मी तं गंजाशी बोलून राह्यली."
"तुम्ही ऐकत होतात?"
"भाजी निवडून राह्यली होती ना तिथीच. कान का घरी ठेवून येऊ?" मग गंज पालथा घातला. "पोरीनं सांगतलं होतं तुमाले. बुढा इचारे तवा तुमच्या तोंडात का मिठाची गुळनी होती?"

गायत्यांनी विचारलं होतं, "कोनं तोडले?"
मी म्हणाले, "मुलांनी."
चिन्नीच्या हातात तेव्हा अंकुडी होती. त्यांनी अंकुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पेटीचं तापमान लिहून घेत होते. ५८.

याला मी अहवालात "चर्चा शांततेत झाली" म्हटलंय.

९ मे, शुक्रवार

चिन्नीच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते.

घरातले सगळे अंगणात बसून तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होते. चिन्नीनं मान वर केली नाही. बोटं चालू. तिच्या आईनं खाट दिली, पाणी दिलं. वडील म्हणाले ते असं:

"गोटुलात सगळ्यायच्या समोर इचारलं तिले. म्हन्ली, मी तोडली. कोनं सांगतलं, तं कोनी नाई. इतल्या वर्साची शाळा, अन् आंबा कवा तोडाचा तेच भुलली. तं नववीले एटापल्लीले धाडून का कराचं? आनखी का का भुलन?"

(गोटुल म्हणजे गाव जिथं बैठकीला जमतं ती जागा.) रागानं नाही बोलले. पुडा बांधता बांधता.

चिन्नीनं तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. मी बोलते की काय, याची तिला भीती वाटत होती.

मी तिची वही देऊन आले, शाळेत राहिली होती ती. "येते" म्हणाले.

यापुढं काही झालं नाही. मी तिथं साधारण पंधरा मिनिटं होते.

(संध्याकाळी वनिताबाईंना विचारलं, चिन्नी माझं नाव का सांगत नाही? त्या म्हणाल्या, "तुमाले गावानं वापस धाडलं असतं ना. मंग ते वाळवनीचा डब्बा कोन पूर्न करन? तिले पह्यले डब्ब्याचं पडलं होतं, तुमाले पाहुन्यायचं.")

१० मे, शनिवार

पाहुणे आले नाहीत. सरांनी परस्पर रद्द केलं. बरं झालं लिहिणार होते. बरं नाही झालं.

चौथा मुद्दाही दुरुस्त करायचा राहिलाय. 'मुलांनी काही फोडी खाल्ल्या.' पहिली फोड मी खाल्ली. मीठ लावून. काही विचार न करता, चिरताना आपण खातो तशी. मुलं बघत होती. मग त्यांनी घेतल्या. चिन्नीनं घेतली नाही, ती पेटीत फोडी एकसारख्या अंतरावर लावत होती.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी गडचांदूरला एका कारखान्यात उन्हाळी ट्रेनिंग होतं. रोजे चालू होते. भट्टीच्या बाजूला उभं राहून रीडिंग घ्यायची. सुपरवायझर बाटली पुढं करून म्हणाले होते, "खायचं थोडंच आहे, एक घोट पाणी तर आहे." मी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. घरी येऊन अम्मीला सांगितलं, काही लोकांना सांगून कळत नाही.

माझ्या घरी संध्याकाळी सगळे खजूर हातात धरून बसतात. अजान व्हायला दोन मिनिटं असतील तर दोन मिनिटं. लहानपणापासून मी ती दोन मिनिटं घड्याळावर मोजलीयत. त्यात 'फक्त' काही नसतं.

रोजे संपून दीड महिनाही झालेला नाही.

अब्बांना फोन केला. घुग्घुसला दुकानात होते, मोटार वाइंडिंगचं काम चालू, मागं ट्रकचे हॉर्न. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जिसका नाम खराब हुआ, उसके घर जा के बोल. मेरे को बता के क्या होता?"
"गेले होते अब्बा."
"बोली?"
"नाही."
"तो गई कहाँ थी फिर?"

११ मे, रविवार

सकाळी गायत्यांकडे. अंगणात बसून पुडे बांधायला सालाचे दोर सोलत होते. जोहार केला. मी उभ्यानंच बोलले, बसले असते तर पुन्हा पाणी, खाट, पंधरा मिनिटं.

"बाबा, चिन्नीनं स्वतःहून नाही तोडल्या. मी तोडायला लावल्या. तिनं मला दोनदा नको म्हटलं होतं."
"मालूम हाय."
"कुणी सांगितलं? वनिताबाईंनी?"
"ते पोरगी पंडुमच्या आधी तोडनारी नोहे. इवलीशी होती तवापासून पाहून राह्यलो."
"मग त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत."
"तुमी बोलाल म्हून थांबलो होतो."

दोर सोलत राहिले. मी उभी.

पेटीतल्या फोडींचं विचारलं. म्हणाले, राहू द्या, पंडुम गुरुवारी ठरला, त्या दिवशी पाहू. शिबिराचं विचारलं. "पंडुम होऊ द्या." गोटुलात येऊन बोलू का, विचारलं.

"गावाले मी सांगतो. गावाचं काई नाई. तुमी तिच्या बापाले बोला."

मग निघताना: "झाडाले का होते? दरवर्सी फळते ते. पोरीले पाहा."

१२ मे, सोमवार

चिन्नीचे वडील फळीवर भेटले, तेंदूपत्ता जिथं गोळा होतो तिथं. रांगेत होते. चार माणसं ऐकत होती. तरी मी बोलले. पूर्ण बोलले, या वेळी. माझा आवाज सपाट येतो अशा वेळी, लोकांना वाटतं हिला काही वाटत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "त्या दिवशी पोरायनं तोडले म्हन्ल्या. आज मी म्हनता. उद्या तुमचा सायेब आला तं काजून का म्हनान. लिवून द्या."
"तुम्ही वाचाल?"
"मी कुठी वाचतो? चिन्नी वाचन."

रांगेतला एक जण हसला. ते हसले नाहीत.

लिहिलं. तीन वेळा लिहिलं. पहिल्या दोन्हींत 'गैरसमज' हा शब्द होता. गैरसमज नव्हता. चिन्नीला मोठ्यानं वाचायचंय, तेही घरच्या भाषेत फिरवून सांगत, म्हणून वाक्यं लहान ठेवली.

सरांनाही हेच पाठवलं, वर 'आधीचा अहवाल रद्द समजावा' असं लिहून. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

वनिताबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी या वेळी माझा आवाज काढला नाही. "जाऊन या म्याडम," म्हणाल्या, "भात झाकून ठेवतो."

कागदाची नक्कल:

चिन्नीच्या बाबांना जोहार.

१. ४ मेला चिन्नीनं मला सांगितलं की पंडुम झाला नाही, कैऱ्या तोडायच्या नाहीत. मी ऐकलं नाही.
२. ५ मेला झाडाखाली तिनं परत सांगितलं. मी तिच्या हातात अंकुडी दिली आणि तोडायला लावलं.
३. पहिली फोड मी खाल्ली. माझं बघून मुलांनी खाल्ल्या. चिन्नीनं खाल्ली नाही.
४. गायताबाबांनी विचारलं तेव्हा मी 'मुलांनी तोडल्या' म्हणाले. चिन्नी समोर उभी होती. मी तिच्यावर ढकललं.
५. चिन्नी काहीही विसरलेली नाही. तिला सगळं माहीत होतं. मला सांगूनही मी मानलं नाही.
६. प्रथा मोडायला ती शाळेत शिकली नाही. ही चूक माझी आहे.

चिन्नी, वाचून दाखवताना चौथा मुद्दा गाळू नकोस. तुला गाळावासा वाटेल.

बाबा, नववीच्या वसतिगृहाचा अर्ज सोमवारी, १९ तारखेला, एटापल्लीला द्यायचा आहे. त्यावर तुमची सही किंवा अंगठा लागतो. अर्ज मी भरून ठेवला आहे, सहीची जागा कोरी आहे. पंडुम गुरुवारी आहे, त्याच्या आधी घाई नको. चिन्नीला पाठवणार की नाही, ते शनिवारपर्यंत, १७ मेपर्यंत, मला सांगा. नाही असेल तरी सांगा. मी शाळेतच आहे.

नाझिया