वाढत्या अंगाची

रविवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तूही असशील, वहिनीही असेल. बाबा तर असणारच, लोखंडाला काय होतंय!

तुझं पत्र माझ्या मागे गावोगाव फिरून परवा एकदाचं पोचलं. मी आता त्या बोटीवरच्या खानावळीत नाही, नंतरच्या फुलांच्या गोदामातही नाही. सायकलच्या दुकानात आहे. हसू नकोस. सायकलींना कंटाळून घर सोडलं आणि पंक्चर काढून पोट भरतेय. आमच्या मालकाला सगळे 'वंगण' म्हणतात. कुठलीही अडचण सांगा, त्याचं उत्तर एकच, "थोडं वंगण घाल." परवा बायकोशी भांडून आला, तेव्हा मीच म्हटलं, "थोडं वंगण घाला." त्या दिवशीची सगळी पंक्चरं माझ्याच वाट्याला आली. तर काय सांगत होते?

हां, चाकं. इतक्या दिवसांनी लिहिलंस आणि विचारलंस काय, तर शर्यतीच्या सायकलीला लहान चाकं लावण्याचे फायदे-तोटे. "सविस्तर लिही, बाबांना दाखवतो." माझा गुडघा कसा आहे, ते नाही विचारलंस. असू दे. लिहिते.

लहान चाक हलकं आणि चपळ. थांबून पुन्हा वेग घ्यायचा तर मोठं चाक अजून विचार करत असतं, तोवर हे निघालेलं असतं. तारा आखूड, म्हणून ताठ राहतं. वारा कमी खातं. आता तोटे. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून नुसतं जातं, त्यात हे उतरून, चौकशी करून वर येतं. खराब रस्त्यावर पायांना जास्त राबावं लागतं. टायर पटकन मिळत नाहीत. शर्यतीत पंक्चर झालं तर सोबतच्याचं चाक काढून लावता येत नाही. बाबा हे सगळे तोटे मला ऐकवायचे, आणि त्यातला एकही खोटा नाही. तुझ्यासारख्या ताडमाडाला मीसुद्धा मोठीच चाकं लावीन.

बुटक्यांचं गणित वेगळं. फ्रेम आखूड करायची आणि चाक तेवढंच ठेवायचं, म्हणजे पुढचं चाक पायाच्या वाटेत येतं. हँडल जास्त वळवलं की बुटाचं टोक चाकाला लागतं. वेगात कळत नाही, कारण वेगात एवढं हँडल कुणी वळवत नाही. कळतं ते हळू जाताना. चढावरच्या अरुंद वळणावर.

त्या वळणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

बाबांनी माझी सायकल करायला घेतली तेव्हा मापाची पट्टी काढली आणि तशीच खाली ठेवली, आठवतं? "वाढत्या अंगाची करतो," म्हणाले. शाळेचा फ्रॉक शिवावा तशी! मी म्हटलं, "बाबा, मी एकोणीस वर्षांची आहे. आता काय वाढणार?" तर म्हणाले, "आपल्या घरात कुणी बुटकं राहिलेलं नाही." तू हसलास. मीही हसले. निळी होती रे, जोडावरून बोट फिरवलं तरी जोड कळू नये अशी. अशा सायकलीला नाही म्हणायला कोणाचं तोंड उघडणार?

शर्यतीच्या दिवशी त्या वळणावर तू पाण्याची बाटली घेऊन उभा होतास. माणूस चालेल एवढाच वेग होता माझा. बूट चाकाला लागला, मी आडवी झाले, मागून येणारी सायकलवाली माझ्या गुडघ्यावर पडली. दवाखान्यात बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी वळणाला घाबरली. ब्रेक दाबला." मी म्हटलं, बूट लागला. ते म्हणाले, "दाखव बूट." तू माझे बूट घेऊन आलास. पांढरेशुभ्र.

पडले तेव्हा उजव्या बुटाच्या टोकावर टायरचा काळा पट्टा होता, दादा. मी डोळ्यांनी बघितला होता. आणि तू आयुष्यात स्वतःचे बूट कधी पुसले नाहीस.

आपल्या दुकानाचं नाव जाईल असं वाटलं असेल तुला. किंवा बाबांचं तोंड बघवलं नसेल. मी तेव्हा विचारलं नाही. तू सांगशील म्हणून थांबले. मग थांबायचाच कंटाळा आला आणि निघाले.

तुझ्या पत्राखाली वहिनीने एक ओळ लिहिलीय, तू वाचली नसशील. "चिमणीसाठी आजोबा शर्यतीची सायकल करतायत, वाढत्या अंगाची." म्हणजे चौकशी यासाठी होती. तुझी पोरगी माझ्याच उंचीवर अडली असणार. आणि तुला हवंय की माझं पत्र बाबांच्या पुढ्यात टाकावं आणि स्वतः दुकानाच्या शेडमागे जाऊन उभं राहावं.

वरचे फायदे-तोटे खुशाल दाखव. पण ते बाबांना माझ्याआधीपासून पाठ आहेत, त्यांनी काही हलणार नाही. पोरगी घाबरली म्हणून पडली असं ते मनापासून धरून बसलेत, कारण तू त्यांना दुसरं काही दिसू दिलं नाहीस. मला त्यांचा राग येतो. तुझा येतो तो राग नाही, त्याला मला शब्द सापडत नाही.

बुटाचं त्यांना सांग. तोंडाने, समोर उभं राहून, चिमणी त्या सायकलीवर बसायच्या आधी. नाहीतर मी तिलाच लिहीन, आणि मग नुसतं चाकाबद्दल लिहून थांबणार नाही.

वहिनीला नमस्कार. बाबांना काय, ते तू बोललास की ठरवीन.

ब्रेकला हातही न लावलेली,
तुझी बहीण