उनाच्या गुलाबाची पानं

९ जानेवारी, सकाळ
उनाच्या गुलाबाच्या पानांना अर्धगोल काप. कडा कात्रीने कापल्यासारख्या. सुरवंटाचं काम, उघड आहे. उना, माझी बायको, गेल्याला पाच महिने झाले, बाग मी पद्धतशीर चालवली आहे. रडत बसणारे वेगळे. तिच्या वाढदिवसाला, फेब्रुवारीत, याच झाडाची फुलं दफनभूमीत न्यायची. तिची बहीण ग्लेनिस म्हणते, जमत नसेल तर जूनमध्ये, हिवाळा लागला की, झाड मुळासकट ती घेऊन जाईल. ग्लेनिसने कॅक्टससुद्धा पाणी घालघालून मारला आहे.

११ जानेवारी
सुरवंट दिसला नाही. लबाड जात. शेजारचा केल्विन कुंपणावर कोपरं टेकून सांगत होता की हे एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांचं काम, घरट्यासाठी पानं कापून नेतात, झाडाला काही होत नाही. या माणसाने जन्मभर जुन्या गाड्या विकल्या. मान डोलावून आत आलो.

१४ जानेवारी
शेडच्या भिंतीवर उनाने टांगलेला डबा, बांबूच्या नळ्यांनी भरलेला. नळ्यांत पानांचे तुकडे कोंबलेले. किडीचं माहेरघर. समोर तिची खुर्ची. चहा घेऊन भिंतीकडे तोंड करून का बसायची, कधी विचारलं नाही. डबा कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला. रोगाचं मूळ संपलं.

१९ जानेवारी, दुपार. आमचा भर उन्हाळा, ४१ अंश
काप चालूच. खायचं तेल आणि भांड्यांचा साबण पाण्यात घुसळून झाडावर भरपूर फवारलं. केल्विन पलीकडून म्हणाला, "अरे बाबा, एवढ्या उन्हात तेल? झाड तळतोयस का?" उरलेलंही फवारलं.

२१ जानेवारी
पानं तपकिरी. औषध लागू पडत असावं.

२४ जानेवारी
पानं गळली. सगळी. निदान कीड उपाशी मरेल.

१६ फेब्रुवारी
उनाचा वाढदिवस. ग्लेनिस आली. फुलं दुकानातली नेली. परत आल्यावर उघड्या काटक्यांकडे बघून ती थेट शेडकडे गेली. डबा कुठे आहे विचारलं. टाकला म्हटलं.
"गुलाब लावलाच होता त्या माश्यांसाठी. माशी पानाचा तुकडा घेऊन नळीत शिरली की उना मला लगेच फोन करायची. तुला नाही बोलली कधी, रॉस?"
बोलली असेल, म्हटलं.

८ मार्च
गुलाब फुटला. माझ्या फवारणीतूनही वाचला, म्हणजे झाड मुळात दणकट. कोवळ्या पानाला अर्धगोल काप. हिरवा तुकडा घेऊन माशी उडाली ती शेडकडे नाही, केल्विनच्या आवारात. डोकावलो. उनाचा डबा त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर. लोकांच्या बिनमध्ये हात घालणारा माणूस. घेऊन जा हवा तर, म्हणाला. राहू दे म्हटलं, जागा हलवली की त्यांचा घोळ होतो. यातलं मला कळतं.
उनाची खुर्ची कुंपणाला लावली. बसून पाहिलं. कुंपण उंच आहे, काहीच दिसत नाही.
उभा राहिलो. डबा दिसला.