नदीपलीकडच्या दहा खाटा

मंगळवार, दुपार
ऑफिसमधून

दादा,

नमस्कार. तब्येत कशी आहे ते विचारत नाही, तू "झकास" असंच सांगणार. वहिनीकडून खरं काढावं म्हटलं, तर तिलाही तू पढवून ठेवलंयस.

मशीनवर पडल्या पडल्या चार तास छताकडे बघून डोकं फिरतं, पत्र लिही, एका हातात धरून वाचता येतं, असा तुझा हुकूम. म्हणून लिहितेय. पण हे पत्र तिथे वाचू नकोस. घरी वाच, जेवून झाल्यावर. तिथे तुझं ब्लडप्रेशर हललं तर सिस्टर माझ्या नावाने खडे फोडतील.

आमच्याकडे सगळं ठीक. लेकीचा पुढचा दात पडला. तिने तो धुऊन, "आई दिवसभर सांभाळेल" म्हणून माझ्या डब्यात ठेवला. मला तो जेवताना सापडला. नवऱ्याची बदली टळली. ऑफिसातला पंखा दुरुस्त झाला, म्हणजे आता वाऱ्याऐवजी आवाज देतो. बघ, नमनालाच घडाभर तेल. तीनदा उठून पाणी पिऊन आले. तूच म्हणतोस ना, हिला खुर्ची चावते.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, "काय गं चुळबुळे, आमच्या भागात डायलिसिसचं सेंटर येतंय म्हणे? इथे बेडाबेडावर तीच चर्चा." मी "बघू, सरकारी काम" म्हणून फोन ठेवला. अरे, बघू काय? ते सेंटर माझ्याच टेबलावर आहे. कुठल्या भागात कुठली आरोग्यसेवा कमी पडते ते मोजायचं, ती कुठे उभारायची ते सुचवायचं, चालवायला द्यायची तर निविदेचा मसुदा करायचा आणि सगळं समितीपुढे ठेवायचं, हेच माझं काम. तू अजून लोकांना सांगतोस, बहीण दवाखान्याच्या ऑफिसात टायपिंग करते.

यंदा दहा खाटांचं एकच सेंटर मिळणार आहे. स्टेशनजवळ किंवा नदीपलीकडे, तुमच्याकडे. आराखड्यात मी नदीपलीकडे लिहिलंय. पेशंट तिकडे जास्त, जवळपास काहीच नाही, पुलावरून दोन बस बदलून यावं लागतं. कुणालाही पटेल असं आहे. मला मात्र झोप नाही. प्रवासाच्या त्रासाला मी जरा जास्त गुण दिलेत. का दिले? एकदाच मी डायलिसिसनंतर तुझ्याबरोबर परत आले होते, आठवतं? बसमधून उतरून तू कठड्यावर बसलास आणि म्हणालास, "थांब गं, जरा ऊन खातो." आभाळ भरलेलं होतं, दादा. आता आकडे बोलतायत की आपला तो बाब्या म्हणून मी बोलतेय, ते मलाच कळेनासं झालंय. रोज नव्याने मांडते. रोज उत्तर नदीपलीकडे येतं, आणि रोज मला संशय येतो.

एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं.

आमच्या बैठकीची एक रीत आहे. सुरुवातीलाच अध्यक्ष विचारतात, "आजच्या विषयांत कुणाचे काही लागेबांधे?" असले तर सांगायचं आणि त्या विषयापुरतं बाहेर जाऊन बसायचं. बहुतेक वेळा सगळे माना हलवतात आणि चहा येतो. मी आराखडा मांडला त्या दिवशी अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, आराखडा तुमचा. तुमचं कुणी नाही ना तिकडे?" मी म्हटलं, "नाही हो, माझं कुणी नाही तिकडे."

पटकन म्हणून गेले रे. तू घातलेल्या शपथेचा विचार केला, असं मनाला सांगितलं. तुझं आजारपण बाहेर कळू द्यायचं नाही, आजारी शिंप्याकडे कपडे कोण टाकणार, म्हणून आठवड्यातून तीन दिवस दुकानावर "मास्टर माल आणायला गेलेत" ची पाटी. एवढा माल आणणारा शिंपी जगात दुसरा नसेल. आणि समितीत तुमच्या भागातल्या सदस्यबाई बसतात, त्यांचे कोट तूच शिवतोस. पण शपथ हे निमित्त. खरं म्हणजे मला भीती वाटली की भाऊ म्हटलं तर आराखडाच उडवून लावतील. पुढच्या बैठकीतही तेच विचारलं, तेव्हाही मी मान हलवली.

पुढच्या शुक्रवारी शेवटची बैठक. गप्प बसले तर सेंटर तुमचं. आणि मला गप्प बसवत नाहीये. खाई त्याला खवखवे, दुसरं काय? मी सांगणार आहे. तुझं नाव घेऊन. परवानगी मागत नाही, कारण तू "नको" म्हणालास तर मी ऐकेन.

तुझी,
चुळबुळी


शनिवार, सकाळ
घरून

दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर कशी आहे? लेकीचा दुसरा दातही हलतोय. डबा मी आता कुलपात ठेवते.

ऑफिसात माझी जागा बदलली. सोमवारपासून खिडकीजवळ बसायचं, लसीकरणाच्या नोंदी तपासायच्या. पंख्याचा आवाज तिथे येत नाही. चौकशी होईल म्हणतात. होऊ दे.

पत्र वाचून तू फोन केलास आणि पहिल्यांदाच हसला नाहीस. "सांग," म्हणालास. "पण सेंटर गेलं तर मी मोठ्या मनाचा वगैरे होईन असं धरून चालू नकोस." त्यानंतर कितीतरी वेळ मी फोन हातात धरून घरभर फिरत होते.

काल अध्यक्षांनी कागद चाळता चाळता नेहमीचा प्रश्न टाकला आणि मी हात वर केला. म्हटलं, "नदीपलीकडे माझा सख्खा भाऊ राहतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतो. दोन बैठकांत मी हे लपवलं." चहावाला ट्रे घेऊन दारातच थबकला. सदस्यबाई म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे आमचे मास्टर? माल आणायला जातात ते?" मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला तुझ्या गिऱ्हाइकांची काळजी वाटेनाशी झाली.

मला बाहेर बसायला सांगितलं. बसणार कुठली? व्हरांड्यात वजनकाटा आहे, त्यावर चढत-उतरत राहिले. शिपाई म्हणाला, "बाई, इतक्यात काही कमी होत नसतं." आतून आवाज चढत होते, शब्द कळत नव्हते. शेवटी सदस्यबाई बाहेर आल्या. डोळे लाल. माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी बोलला असतात ना, तर तुम्हाला बाहेर बसवून आकडे दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतले असते, आणि सेंटर झालं असतं. आता आत सगळे विचारतायत, हिने अजून काय काय लपवलंय?" आणि ताडताड निघून गेल्या.

त्या बोलल्या ते खरं आहे. आराखडा वाईट नव्हता, दादा. भाऊ असणंही आड येत नव्हतं. माझं "नाही" आड आलं.

सेंटर होत नाहीये. आराखडा रद्द. दुसरा माणूस पहिल्यापासून मोजणार, तोवर यंदाचा निधी परत जाणार. म्हणजे निदान वर्षभर. तू, तुझ्या शेजारच्या बेडवरच्या शाळेतल्या बाई, समोरच्या बेडवरचा तो रिक्षावाला, सगळे अजून वर्षभर तोच पूल ओलांडणार. मी किती वेळ हे वाक्य टाळत होते, ते तुला वरच्या पाल्हाळावरून कळलंच असेल.

रागाव. मनापासून रागाव, तो तुझा हक्क आहे. मोठ्या मनाचा होऊ नकोस, मला ते सोसणार नाही. पुढच्या शनिवारी तुझी सुई निघेल तेव्हा मी वॉर्डाच्या दाराशी उभी असेन. बोलायचं नसेल तर नको बोलूस. बसमध्ये शेजारी बसू दे, आणि उतरल्यावर कठड्यावर बसलास तर मीही बसेन, तुला उठावंसं वाटेपर्यंत.

त्यानंतरच्या शनिवारीही येईन. शनिवारी मला सुट्टीच असते. पहिल्यापासूनच होती.

तुझी,
चुळबुळी