धाकटीला चालायला नेण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, जन्मभर शिवणकाम करून पोट भरलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय मात्र थकले आहे. चार पायऱ्या उतरले की धाप लागते, आणि डॉक्टरांनी आता आशा दाखवणे सोडले आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. तसे करून आजवर कुणी सुखाने घरी गेलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व गॅलरी, माझ्या मुलीच्या, धाकटीच्या, नावे. तिच्यानंतर मुलाच्या. बँकेत जे असेल ते तिच्या औषधांसाठी. मुलाला हे मान्य आहे. तो चांगला आहे, फक्त लांब आहे.

खरे तर मी वकिलांना म्हटले होते, जो तिला रोज चालायला नेईल त्यालाच घर मिळेल असे लिहा. त्यांनी चष्मा काढला. "बाई, अशी अट टिकायची नाही. रोज बघायला कोण जाणार?" एवढे ऐकायला मी दोन जिने चढून गेले होते.

२. म्हणून अट नाही, विनंती लिहिते. धाकटीचे मन आजारी आहे. कॉलेज संपले त्या वर्षी तिने अंथरूण धरले, ते भिंतीकडे तोंड करूनच. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, पण रोज चालायलाही न्या. झोप लागेल, भूक लागेल, मन जरा हलकं होईल. तुमचीही साखर उतरेल." हे गृहस्थ स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गाडीने जातात, पण बोलले ते खरे. माझी साखर उतरली, गुडघे मोकळे झाले. ती बरी झाली नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण चालून आली की केस विंचरते, दोन घास खाते, एखादे वेळी "दमलीस का गं?" असे विचारते. चालणे चुकले तर पाणीसुद्धा मागत नाही.

३. तिला न्यायची रीत अशी. "चल फिरायला" म्हटले तर ती उठणार नाही. काम सांगावे लागते. मी म्हणते, "अगं, एक बटण कमी पडलंय, गिऱ्हाईक खोळंबलंय." मग उठते. माझे काम अडलेले तिला बघवत नाही. माझ्याने चालवत होते तोवर पुलापलीकडच्या दुकानातून आम्ही एकच बटण आणायचो. दुकानदार हसायचा. हसू दे मेल्याला. वाटेत तिला प्रश्न विचारू नयेत, आणि भिंतीकडची बाजू तिला द्यावी.

४. कपाटावरचा बटणांचा खोका मुलाने परत न्यावा. माझी रोजची तंगडतोड वाचावी म्हणून त्याने तो घाऊक बाजारातून केवढ्या हौसेने आणला होता! "आई, आता वर्षभर बघायला नको." धाकटीने खोका पाहिला, "म्हणजे आता काम नाही," म्हणाली आणि जाऊन पडली. एकाही बटणाचा रंग जुळत नाही म्हणून मी आठवडाभर कांगावा केला, तेव्हा कुठे उठली.

५. मशीन व कात्री सुनेला. तिला साधी टीप मारता येत नाही, पण मन लावून शिकेल. माझ्या नणंदेला काही नाही. "वेडीला गावभर मिरवते" हे तिचे शब्द माझ्याजवळ आहेत, तेवढे पुरे.

६. आता कोण नेणार? मुलगा म्हणाला, "मी एखादी बाई ठेवतो." ठेव बाबा. पण त्या बाईचे अडले म्हणून धाकटी उठेल होय? शेजारणीला विचारले. ती रडली आणि म्हणाली, "रोज नाही हो जमायचं माझ्याच्यानं." खोटे बोलली नाही, म्हणून तिलाच साक्षीला घेतले आहे.

शेवटी धाकटीलाच विचारले, "एकटी जाशील का गं?"

"तू खिडकीत उभी राहशील ना?" म्हणाली.

हल्ली मी खिडकीत उभी राहते. ती कोपऱ्यापर्यंत जाते, मागे वळून बघते आणि परत येते. कोपरा ओलांडला की तिला मी दिसत नाही. देवा शपथ सांगते, तिथून परत फिरताना तिला बघणे मला सहन होत नाही.

७. मी जाईन त्या दिवशी घरात माणसे जमतील. रडतील, तिला धरून एका जागी बसवतील. बसवू नये. मला उचलण्याआधी कुणीतरी तिला चालवून आणावे. ती येईपर्यंत मला तसेच राहू द्यावे, मला कसली घाई?

फक्त त्या दिवशी तिला कोणते काम सांगून उठवायचे, ते मला अजून सुचलेले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि तो खरा आहे.

ठिकाण: राहते घर, खिडकीची खोली
दिनांक: ३ सप्टेंबर, सकाळ

लिहून ठेवणार: (सही) धाकटीची आई

साक्षीदार:
१. (सही) समोरच्या दारची शेजारीण
२. (सही) डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत असून त्यांनी माझ्यासमोर सही केली. गाडीबद्दलचे वाक्य काढा म्हटले, ऐकले नाही.