हिरव्या दिव्याचा उजेड

मुलुंड, मंगळवार संध्याकाळ

आज दूध नासलं आणि मला कोरा चहा प्यावा लागला. मानवजातीने या अन्यायाची दखल घ्यावी.

तेवढ्यात वंदना विद्यापीठातून आली. प्रोफेसर झाली! माझी बायको प्रकाशाचे सुटे कण मोजते. चार वर्षांपूर्वी तिला मोठा शोध लागला, पेपर छापून आला, आणि मग तिच्याच लक्षात आलं की मोजला तो यंत्रावरच्या चिमुकल्या हिरव्या दिव्याचा उजेड. दुसऱ्या कुणाला संशयही नव्हता. तिने स्वतःहून पेपर मागे घेतला; बढती हुकली. मी मात्र त्यावर विनोदी लेख लिहून हशा मिळवला. नवरा की वैरी?

आज बढतीच्या मुलाखतीत तिला नेमकं त्या पेपरबद्दलच विचारलं.

"मग काय सांगितलंस?"

"खरं तेच. हिरवा दिवा होता, आता त्यावर काळी पट्टी चिकटवते."

"बस्स?"

"मग काय, रडून दाखवू रे?"

तिच्या जागी मी असतो तर? गप्प बसलो असतो, बहुतेक. अशी बाई माझ्या घरात राहते! छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

ती आंघोळीला गेल्यावर माझ्या नव्या पुस्तकाची प्रुफं काढली आणि त्यातला हिरव्या दिव्यावरचा तो लेख लाल पेनने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खोडला.