मोडलेला सोमवार

आई, आज सोमवार आहे आणि मी दुपारी पोटभर जेवलो. भात, कुळथाची पिठी आणि तळलेली सांडगी मिरची. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'मग काय आरती करू तुझी?' पण ऐक. जेवून कचेरीत परत जायचं, ते अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तुला लिहायला बसलो. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुझा नातू सोळाचा आहे, म्हणजे तुमची गाठ पडलेलीच नाही. भिंतीवरच्या फोटोतल्या या बाईने मांडवीला खानावळ चालवली आणि रोज चाळीस पानं वाढली, एवढं त्याला माहीत आहे. खानावळवालीचा नातू जेवेनासा झाला होता, आई. तेच सांगायचं आहे.

लहानपणी तो अंगाने भरलेला होता. सगळे त्याला लाडू म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि मी प्रेमाने म्हणतो म्हणजे त्यालाही ते गोडच लागत असणार, असं धरून चाललो होतो. तो नववीत असताना गणपतीला घरी पाहुणे जमले होते. मोदकांचं ताट फिरलं आणि कुणीतरी म्हणालं, 'ह्याच्यापुढे नका हो ठेवू, बाकीच्यांना उरायचे नाहीत.' सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. पुढच्या श्रावणात तो म्हणाला, 'बाबा, मी शनिवार धरणार.' आम्हाला कोण आनंद! दहावीचं वर्ष आणि पोरगा देवाधर्माला लागला. श्रावण संपला तरी शनिवार राहिला. त्याला सोमवार जोडला गेला, मग संकष्टी, दोन्ही एकादश्या, शेवटी गुरुवार. मी कचेरीत चारचौघांत सांगत फिरायचो, 'आमच्या आईवर गेलाय. तिचा सोमवार कधी चुकला नाही.' लोक वाखाणायचे आणि मी फुगायचो. साबुदाणा तेलकट म्हणून सुटला, शेंगदाणे पित्त करतात म्हणून सुटले, तेही मला वैराग्यच वाटलं. सकाळ-संध्याकाळ तो किनाऱ्यावर धावायला जायला लागला तर मी त्याला नवे बूट आणून दिले. इतका शहाणा तुझा मुलगा!

या दिवाळीत पहिल्या आंघोळीला तुझ्या सुनेने त्याला पाटावर बसवला. सदरा काढायला तो तयार नव्हता. गेले कित्येक महिने उकाड्यातही एकावर एक दोन सदरे घालायचा. शेवटी काढला. ही त्याच्या पाठीला तेल लावायला लागली आणि तिचा हात थांबला. मी दारात उभा होतो. पाठीचे मणके मला तिथूनही दिसत होते. मग ती पुन्हा तेल लावत राहिली, अगदी हळू, दुखेल अशा बेताने. तो म्हणाला, 'आई, गार वाटतंय, लवकर आटप.' उटण्याच्या वासात ती रडत होती आणि त्याला पाठीमागे ते दिसत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी नाडी पाहिली, हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासायला दिलं, आणि त्याला बाहेर बसवून आम्हाला सगळं विचारलं. मी उपवासांचं सांगितलं. सांगताना, काय करणार, थोडा अभिमान तेव्हाही होताच. त्यांनी विचारलं, 'उपवास सोडताना काय खातो?' मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे. उपवास धरताना सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं. सोडताना कुणीच पाहिलं नव्हतं. ती म्हणायची, यांच्याबरोबर सोडला असेल, मी म्हणायचो, आईबरोबर खाल्लं असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा खाण्याचा आजार असावा, नक्की काय ते मनाच्या डॉक्टरांना दाखवून ठरवू. मी म्हटलं, 'असलं पोरींना होतं ना?' त्या म्हणाल्या, 'मुलग्यांनाही होतं. फक्त घरच्यांना उशिरा दिसतं.' नाडी फार मंद होती. आणखी मंदावली तर दाखल करावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उपवास बंद, धावणं बंद. वेळेवर तीन जेवणं, मधे दोनदा खाणं, आणि प्रत्येक वेळी घरच्यांपैकी एकाने त्याच्याबरोबर बसून तेच जेवायचं. ताट किती भरायचं ते आम्ही ठरवायचं, पण जेवताना अन्नाविषयी आणि अंगाविषयी एक शब्दही काढायचा नाही.

बसायचं कबूल केलं, गप्प राहायचं कुठलं जमायला! तुझ्या खानावळीत वाढलेला मी. आग्रह हीच आपली भाषा. नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक डाव भात पडायचाच. मी तेच केलं. माझ्यासाठी एक घास, आजीची शपथ, एवढा संपव मग उठ. एका दुपारी तो हात थांबवून म्हणाला, 'बाबा, मला ताट दिसतच नाही. तुमचे डोळे दिसतात नुसते.' मी भडकलो. 'नाटकं पुरे!' म्हणून ताटावर हात आपटला आणि आमटीची वाटी त्याच्या मांडीवर उपडी झाली. त्याने उठून आधी फडकं आणलं आणि माझ्याभोवतीची जमीन पुसली. मग दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्या फडक्याची मला अजून लाज वाटते.

मग मी त्याहून मोठा घोळ घातला, आणि तो फक्त आपल्यासारखी माणसंच घालू शकतात. देवळात गेलो, नारळ ठेवला. गुरवाने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं आणि मी मनातल्या मनात नवस बोललो, पोरगा जेवायला लागेपर्यंत मी सोमवार धरीन. घरात कुणाला सांगितलं नाही. पहिल्या सोमवारी दुपारी मी त्याचं ताट वाढलं आणि समोर कपभर चहा घेऊन बसलो. त्याने विचारलं, 'तुमचं ताट?'

'मला आज नको. उपवास आहे.'

'कसला?'

'असाच.'

त्याने आपलं ताट दोन बोटं पुढे सारलं. 'मग मलाही नको. संध्याकाळी सोडू दोघं.' आणि हसला, आई. कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघून हसला. त्याला सोबती मिळाला होता. स्वयंपाकघरातून तुझी सून बाहेर आली. 'अहो, जेवायला सोबत द्या म्हणून डॉक्टर सांगतात, आणि तुम्ही न जेवायला सोबत देताय?' पण देवाला दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? पुढच्या सोमवारी पुन्हा तेच झालं. संध्याकाळी उपवास सोडताना त्याने चार घास खाल्ले असतील. त्या आठवड्यात तपासणीला गेलो तर नाडी आणखी खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'पुढच्या मंगळवारपर्यंत पाहू. सुधारली नाही तर दाखल करू.'

येताना स्कूटर मांडवीवरून घेतली. त्याला समुद्र बघायचा होता. आपल्या खानावळीच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पायऱ्या मात्र त्याच. तो मागे बसला होता, दोन्ही हातांनी माझा सदरा धरून, आणि त्याचं वजन जाणवतच नव्हतं. त्या पायऱ्या दिसल्या आणि मला मास्तर आठवले.

मी दहा वर्षांचा आहे. संगमेश्वराकडचे एक मास्तर आपल्याकडे जेवायला आहेत. त्यांची बायको बाळंतपणात गेली आहे, आणि सुटीवरून परतल्यापासून तीन दिवस ते पानावर बसतात, भातात हात घालतात आणि तसेच उठतात. पंगतीतले बाकीचे त्यांना आग्रह करकरून थकले आहेत. तू मात्र चाळिसांना वाढत फिरतेस आणि त्यांना काही म्हणत नाहीस. चौथ्या दिवशी पंगत उठते, मास्तर तेवढे मागे राहतात, शेवटच्या पानावर मी. तू हातातली वाढायची डवली खाली ठेवतेस, पदराला हात पुसतेस, ताट घेतेस, त्यात भात आणि पिठी वाढतेस आणि पाट ओढून बसतेस. त्यांच्या समोर नाही, शेजारी. आणि जेवायला लागतेस. 'मास्तर, मेल्या मांजरीन परवा अख्खो बांगडो पळवलान. मी विळी घेऊन तिच्या मागना बंदरापर्यंत गेल्ये. लोक म्हणतायत, आज काय मांजर शिजवताय की काय!' मास्तर हसत नाहीत, पण त्यांचा हात भातातून वर येतो. एक घास. तू बघत नाहीस, बोलत राहतेस. दुसरा घास. मी मात्र बघतोय, कारण तू कधी दुपारी तीनच्या आधी जेवत नाहीस, तेही चुलीपाशी, एकटी. आणि आज तर वेगळाच दिवस आहे. 'आई, आज सोमवार ना गो?' तू मान वर न करता म्हणतेस, 'दुसऱ्याच्या पानात काय बघतोस रे? आपलं जेव.'

त्या संध्याकाळी बाबा तुला खूप बोलले. इतक्या वर्षांचा सोमवार एका परक्या माणसासाठी मोडलास, त्याच्या शेजारी बसून जेवलीस, लोक काय म्हणतील. तू चूल सारवत राहिलीस. आठ दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी तू पुन्हा उपवास धरलास. मास्तर एकटे जेवले, पण जेवले. आणि त्यानंतर तुला कुणाच्याही शेजारी बसून जेवताना मी पाहिलं नाही, शेवटपर्यंत.

मी तुझ्या सोमवारांचं एवढं कौतुक सांगत फिरलो, आणि तुझा जो एक सोमवार सांगण्यासारखा होता तो विसरलो होतो. तिसऱ्या सोमवारी दुपारी घरी आलो. स्वतः पिठी केली. हसू नकोस, गुठळ्या झाल्या. आपल्या घरात बाप्यांना चुलीकडे फिरकू कुणी दिलंय? दोन ताटं वाढली, सारखी. त्याच्या शेजारी बसलो, खिडकीकडे तोंड करून. त्याने विचारलं, 'तुमचा सोमवार?' मी म्हटलं, 'मोडला.' आणि घास घेतला. खरं सांगतो, देवाची भीती कुठे जाते? मग मी त्याला मांजरीची गोष्ट सांगायला लागलो. विळी, बंदर, सगळं. त्याच्या ताटाकडे मी बघितलं नाही. नंतर शेजारून आवाज आला, 'बाबा, पिठीत गुठळ्या आहेत.' गुठळ्या आहेत हे कळायला पिठी तोंडात जावी लागते, आई. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण डोळे भरले होते. त्याने सगळं संपवलं नाही, पण अर्ध्याहून जास्त खाल्लं. मंगळवारी नाडी थोडी वर आली होती. दाखल करायचं टळलं.

त्याला चार महिने झाले. बरा झाला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणू देत नाहीत. अजून एखादा दिवस असा उगवतो की ताट बघूनच तो पांढरा पडतो, आणि त्या जेवणाला तासभर लागतो. दर आठवड्याला तो मनाच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे काय बोलतो ते विचारायचं नाही, हे मी जिभेला बजावलंय. एकदा आपणहून म्हणाला, 'बाबा, मला भूक लागायची. लागली की जिंकल्यासारखं वाटायचं.' मी म्हटलं, 'त्या मोदकांच्या वेळी मी हसायला नको होतं.' तो म्हणाला, 'तुम्हाला आठवतंय?' बस, एवढंच. पण त्या दिवसापासून त्याच्या अंगात एकच सदरा असतो. आता शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायची म्हणून डॉक्टरीणबाईंच्या मागे लागलाय. त्या म्हणाल्या, यंदा नाही, पुढच्या वर्षी. यावर तो चिडला, पाय आपटले, आणि त्याच तिरमिरीत दोन पोळ्या खाल्ल्या. मला तो राग फार आवडला. आज तर पिठीवर लसणाची फोडणी हवी म्हणून मला उठवून पाठवलं त्याने.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून तुझ्या त्या तांदळाच्या डब्याखाली ठेवीन. सुनेला सापडलं तर वाचील. पण ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिलेलंच नाही. तुझा सोमवार मोडल्याचं बाबांना कुणी सांगितलं, हे तू कधीच विचारलं नाहीस. खानावळीत तेव्हा तू, मास्तर आणि मी, तिघंच होतो, त्यामुळे तुला माहीत असणारच. मी सांगितलं, आई. देवाबिवाचं मला काही नव्हतं. तू मास्तरांच्या शेजारी बसून जेवलीस, आणि माझ्या शेजारी कधी बसली नव्हतीस.