चंद्रमहल टॉकीज आणि माझा उजवा पाय

तीर्थस्वरूप चित्रावहिनींना,

रायपूरच्या तात्यापाऱ्याहून सरोजिनीचा नमस्कार. हा नमस्कार उजवा पाय स्टुलावर लांब ठेवून केलेला आहे, त्यामुळे पुरेसा वाकलेला नसेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. दादाची साखर आता कशी आहे? तुमच्या गुडघ्याला त्या नव्या तेलाने आराम पडला का? इकडे हे मजेत आहेत. (यांना मजेत राहायला काहीच लागत नाही. एक पंखा आणि एक वर्तमानपत्र पुरतं.) अनुश्रीची परीक्षा झाली. नात माझी, पण मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते, असा आमचा संसार चालू आहे.

तुम्ही फोनवर विचारलंत की पायाला काय झालं, आणि मी म्हटलं, पत्राने कळवते. फोनवर सांगण्यासारखं ते नाहीच. फोनवर सांगायला गेले असते तर माझा आवाज चढला असता, आणि शेजारच्यांना वाटलं असतं की आमच्यात भांडण चालू आहे. वहिनी, राग माझ्या डोक्यात अजून उकळून राहिला आहे. चंद्रमहल टॉकीज पाडून राहिले!

हो, आपली चंद्रमहल. लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती उघडलीच नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग समोर टिनाचे पत्रे लागले. आम्हाला वाटलं, रंगरंगोटी चालली असेल. नंतर पत्र्यांवर एक मोठं चित्र लागलं, त्यात काचेची उंच इमारत, खाली मोटारी आणि हातात पिशव्या घेऊन हसणारी माणसं. (रायपुरात इतकी गोरी आणि इतकी हसणारी माणसं मी आजवर पाहिलेली नाहीत.) खाली लिहिलं होतं, ‘शीघ्र आ रहा है’. मी तिथेच रस्त्यात भाजीची पिशवी घेऊन उभी राहिले. अहो, जी जागा आधीच आलेली आहे, गेली ऐंशी-नव्वद वर्षं उभी आहे, तिथे हे काय शीघ्र आणून राहिले?

तुम्ही लग्न होऊन वर्ध्याहून आलात तेव्हाचं आठवतं? पहिले पंधरा दिवस तुम्ही नुसत्या खिडकीशी उभ्या असायच्या. मोलकरणीची छत्तीसगढी कळेना, शेजारणीची हिंदी कळेना, आणि आई तुमच्याशी फक्त मिठाबद्दल बोलायची. मग मी तुम्हाला दुपारच्या खेळाला घेऊन गेले. बाजूच्या गल्लीतलं बायकांचं वेगळं दार, वर जाणारा लाकडी जिना, बाल्कनीतला तो बायकांचा भाग. पडद्यावर नायिकेची आई वारली आणि तुम्ही हुंदके देऊन रडायला लागलात, तेव्हा पुढच्या रांगेतली एक अनोळखी बाई मागे वळून म्हणाली, ‘‘रो ले बेटी, टिकट के पैसे वसूल कर ले.’’ त्यावर तुम्ही रडता रडता हसलात. या घरात आल्यावर तुम्ही पहिल्यांदा हसलात ते चंद्रमहलमध्ये. आईलासुद्धा घराबाहेर एकटीने जायची परवानगी दोनच ठिकाणी होती, देऊळ आणि चंद्रमहल. आणि देवळात ती पटकन आटोपायची. आता तिथे मोटारी उभ्या राहणार! मला नाही सहन झालं.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘‘जुनी झाली ना ती.’’ मी म्हटलं, ‘‘जुने तर तुम्हीही झाले. तुम्हाले पाडायचं काय?’’ त्यावर यांनी वर्तमानपत्र उघडलं.

तेव्हा मी तुळशीरामजींकडे गेले. (आपल्या गल्लीच्या टोकाला राहतात ते, रेल्वेतून रिटायर झालेले. भाषण करायची एवढी हौस की बारशालाही प्रास्ताविक करतात.) त्यांनी त्याच संध्याकाळी समिती काढली, स्वतःला अध्यक्ष केलं आणि मला उपाध्यक्ष. रविवारी सकाळी आम्ही वीस-पंचवीस जण फलक घेऊन चंद्रमहलच्या फाटकासमोर जाऊन बसलो. सगळे पांढऱ्या केसांचे, नाहीतर टकले. बसताना प्रत्येकाच्या गुडघ्यांचा आवाज झाला, तीच आमची पहिली घोषणा.

आता मालकाने काय करायला पाहिजे होतं? दार लावून घ्यायचं, ओरडायचं, पोलीस बोलवायचे. आम्ही त्याच तयारीने गेलो होतो. पण हे भार्गवजी, ज्यांच्या आजोबांनी चंद्रमहल बांधली ते, स्वतः बाहेर आले, हात जोडले, आणि आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या. मग चहा आला. मग गरम समोसे. वहिनी, तोंडात समोसा असताना मुर्दाबाद म्हणता येत नाही हो! ही शुद्ध लबाडी आहे.

वर त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, ‘‘आप सब बड़े हैं, बस इतना बताइए, आखिरी बार यहाँ टिकट लेकर कब आए थे?’’

सगळे चहाच्या कपात बघायला लागले. हा काय प्रश्न झाला? मी उठून सांगितलं, ‘‘भार्गवजी, पंखे बंद, खुर्च्यांत ढेकूण, पडद्याला ठिगळ, कैसे आते?’’ ते म्हणाले, ‘‘आप आते, तो पंखे चलते.’’ मला उत्तर सुचलं नाही, त्यामुळे माझा राग दुप्पट झाला. (उत्तर मला घरी आल्यावर, भात टाकताना सुचलं. फार चांगलं होतं. पण तेव्हा समोर फक्त हे होते, मग ते यांनाच ऐकवलं.)

मग भार्गवजी म्हणाले, आत येऊन स्वतः हालत बघा. आम्ही गेलो. वहिनी, नसतं गेलं तर बरं झालं असतं. छताला भगदाड, त्यातून उन्हाचा पट्टा सरळ पडद्याच्या जागेवर. पडदा नाहीच, नुसती भिंत. पारव्यांनी सगळी पुढची रांग आरक्षित केलेली. पण बाल्कनीच्या कठड्यावरची ती चुन्याची वेलबुट्टी जशीच्या तशी आहे. आणि वास! तोच तो, खारे दाणे आणि जुन्या लाकडाचा. मला भरून आलं. तुळशीरामजी खाली बाल्कनीच्या छायेत उभे राहून भाषणाला लागले, आणि मी हळूच बाजूच्या जिन्याने वर आपल्या जागेकडे गेले. वॉचमन मला अडवायला मागून म्हणाला, ‘‘दाई, ऊपर झन जा ओ.’’ मी म्हटलं, या जिन्याने मी तुझ्या जन्माआधीपासून जाऊन राहिले.

तिसऱ्या रांगेतली आपली कोपऱ्यातली जागा दिसली. मी दोन पावलं पुढे टाकली. खाली तुळशीरामजी हात उंचावून म्हणत होते, ‘‘ही इमारत अजून शंभर वर्षं हलणार नाही!’’ आणि तेवढ्यात कडकन आवाज झाला आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत फळीतून आरपार गेला.

मी वर, माझा पाय खाली. खाली सभेच्या बरोबर वर तो लोंबकळत होता म्हणे. चप्पल सुटली ती थेट अध्यक्षांच्या टकलावर. त्यांचं भाषण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अर्धवट थांबलं. लोक ओरडायला लागले, पारवे उडाले, वॉचमन जिन्यावरून हाका मारत होता, ‘‘दाई, झन हाल ओ!’’ हलते कशी? मी तिथे खिळ्यासारखी ठोकलेली.

कोणीतरी यांना फोन केला. हे आले. खाली उभं राहून, मान वर करून, चष्मा पुसून यांनी शांतपणे पायाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘हव, आमच्याच घरचा आहे.’’ चाळीस वर्षांच्या संसारात एवढं प्रेमाचं वाक्य मी ऐकलं नव्हतं, पण ते पायाशी बोलले, माझ्याशी नाही. शेवटी भार्गवजींच्याच माणसांनी बाजूची फळी कापून मला बाहेर काढलं. हाड मोडलं नाही, पाय मुरगळला आणि सोलवटला. भार्गवजी स्वतः गाडीतून शंकर नगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुश्मनाच्या गाडीत एसी चांगला होता, हे मला नाइलाजाने सांगावं लागतं.

पण खरा संताप पुढेच आहे. त्या गोंधळात कोणीतरी फोटो काढला. फोटोत मी नाही, नुसता पाय! दुसऱ्या दिवशी तो पाय शहरभर. अनुश्री नाचत आली, ‘‘आजी, आप तो वायरल हो गए!’’ आणि त्या फोटोच्या आधारावर, ज्या कार्यालयाचं नाव घ्यायची मला इच्छा नाही, त्याने चंद्रमहलच्या दारावर नोटीस डकवली. ‘‘भवन इतना जर्जर है कि सामान्य वजन की एक वृद्ध महिला के चलने मात्र से...’’ वगैरे. म्हणजे जिला वाचवायला मी गेले, तिला पाडायचा पुरावा मीच! गुरुवारी हातोडे सुरू झाले. तिकिटाच्या खिडक्या गेल्या वहिनी. ती अर्धगोल जाळी, जिच्यातून हात घालताना बांगडी अडकायची, ती कचऱ्याच्या गाडीत मी या डोळ्यांनी बघितली. त्या दिवशी मी रागावले नाही. घरी येऊन पडून राहिले, जेवलेही नाही. यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि कितीतरी वेळ माझ्या पायाला मलम लावत बसले.

शुक्रवारी तुळशीरामजी आले, डोक्यावर पट्टी, डोळ्यांत चमक. म्हणाले, ‘‘सरोजिनीताई, नोटिसीत लिहिलं आहे सामान्य वजन. आपण म्हणू, वजन सामान्य नव्हतंच! जड बाईखाली फळी मोडली तर त्यात इमारतीचा काय दोष? भिंती ठणठणीत आहेत.’’ मी त्यांना दाराकडे बोट दाखवणार होते, पण समितीने परस्पर हरकत नोंदवूनही टाकली होती, आणि काय आश्चर्य, काम थांबलं. आता पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. कॉलेजचे इंजिनियर भिंती तपासणार, आणि माझं सगळ्यांसमोर वजन होणार.

आता वहिनी, तुम्हीच न्याय करा. माझ्या बाजूची माणसं गावभर सांगत फिरून राहिली की सरोजिनीबाई फार जड आहेत. अहो, भाजीवाल्यालाही सांगितलं! आणि तिकडे भार्गवजी ज्याला त्याला म्हणतात, ‘‘माताजी तो फूल जैसी हैं.’’ आयुष्यात मला फूल म्हणणारा एक माणूस निघाला आणि त्याला माझी चंद्रमहल पाडायची आहे. मी यांना सरळ विचारलं, खरं सांगा, मी जड दिसते का? हे म्हणाले, ‘‘माझा चष्मा सापडून नाही राहिला.’’ चष्मा नाकावर होता.

पण रात्रभर विचार केला. आई डोळ्यांसमोर आली, तुम्ही आलात, तो जिना आला. सकाळी उठून तुळशीरामजींना निरोप पाठवला की मी येते, माझं वजन करा, आणि काय बोलायचं ते बोला. पडायचीच असेल तर चंद्रमहल दुसऱ्या कोणत्या कारणाने पडो. माझ्या नावावर नाही पडणार.

दादाला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमची नणंद,
सरोजिनी

ता. क. : पाय फळीतून गेल्याचं दादाला सांगू नका. जिन्यावरून घसरली म्हणा. आणि फोटो त्याच्या फोनवर आला असेल, तर पाय कोणाचा ते तुम्हालाही माहीत नाही.

ता. क. २ : भार्गवजींनी पेढ्यांचा डबा पाठवला. तत्त्व म्हणून मी परत पाठवणार होते. तोपर्यंत यांनी आणि अनुश्रीने तत्त्वाला जागा ठेवली नाही. शेवटचे दोन मी खाल्ले, पण रागाने.

ता. क. ३ : महत्त्वाचं राहिलंच. समितीच्या कागदावर मी माझं वजन लिहून दिलं आहे, आणि चंद्रमहलच्या प्रेमापोटी ते खऱ्याहून बरंच चढवून लिहिलं आहे. आता काट्यावर तेवढं भरलं पाहिजे, नाहीतर समितीची आणि माझी दोघींचीही अब्रू जाईल. तेव्हा वहिनी, तुमचे डिंकाचे लाडू ताबडतोब पाठवा, खोबरं जास्त, तूप त्याहून जास्त. एरवी तुम्ही लाडू मोजून पाठवता, आम्ही कधी काही बोललो नाही. या वेळी मात्र मोजू नका.